जुगाराला ‘बाजार’ म्हटले म्हणून तो बाजार होत नाही

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक जुने स्नेही आले. महानगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षे चळवळीला दिलेले, शब्दाला जपणारे गृहस्थ. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शिकतो आहे. कर्ज काढून पाठवलेला आहे. ‘जयभीम’ झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मुलाने पाठवलेले एक चित्र आमच्यापुढे धरले. त्यात बास्केटबॉलच्या दोन संघांची नावे होती, खाली ‘उत्तरार्ध कोण जिंकणार?’ असा प्रश्न होता आणि दोन भाव होते. एकासमोर 54 सेंट, दुसऱ्यासमोर 47 सेंट.

‘‘भाऊ, पोरगा म्हणतो, हा शेअर बाजारासारखाच बाजार आहे. तिकडे सरकारमान्य आहे. मला तर हा मटका वाटतो. तुम्ही लिहिता-वाचता. तुम्हीच सांगा, हे काय आहे?’’

प्रश्न साधा होता, पण त्यामागे बापाची काळजी होती. मुलाने एका सत्राच्या पुस्तकांचे आणि खोलीभाड्याचे पैसे यात घालवले होते. आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. आधी समजून घेतले. जे समजले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही.

भाव म्हणजे काय?

या व्यवहाराला तिकडे ‘प्रेडिक्शन मार्केट’ म्हणतात. आपण त्याला भाकितांचा बाजार म्हणू. येथे प्रत्येक प्रश्नाचा एक करार असतो. भाकीत खरे ठरले तर कराराचा एक डॉलर मिळतो, खोटे ठरले तर शून्य. म्हणून 54 सेंट भाव याचा अर्थ असा की, बाजाराच्या मते ही गोष्ट घडण्याची शक्यता 100 पैकी 54 आहे. 100 करार घेतले तर 54 डॉलर गुंततात. जिंकलात तर 100 डॉलर हाती येतात, म्हणजे नफा 46 चा. हरलात तर 54 गेले. सामना चालू असताना भाव सतत हलतो आणि मध्येच करार विकून बाहेरही पडता येते. ‘बाजार’ हा शब्द येथूनच आला.

आता बास्केटबॉलकडे वळू. अमेरिकेच्या एन.बी.ए. या व्यावसायिक लीगमध्ये सामना 48 मिनिटांचा असतो. 12-12 मिनिटांचे चार भाग आणि मध्ये 15 मिनिटांचे मध्यंतर. पुरुषांच्या कॉलेज स्पर्धांत 20-20 मिनिटांचे दोन अर्ध असतात. उत्तरार्धाच्या करारात मध्यंतरानंतर झालेले गुण तेवढेच मोजतात. पूर्वार्धातली आघाडी पुसली जाते. बरोबरी होऊन जादा वेळ खेळवला गेला तर ते गुण धरायचे की नाही, हे कराराच्या बारीक अक्षरांतील नियमांवर ठरते. अनेकांना तो नियम पैसे गेल्यावरच कळतो.

एक उदाहरण घेऊ. यजमान संघ मध्यंतराला 60-48 असा 12 गुणांनी पुढे आहे. उत्तरार्धात त्याचे 52 गुण होतात, पाहुण्यांचे 55. सामना यजमानांनी 112-103 असा जिंकला. पण उत्तरार्ध पाहुण्यांनी 3 गुणांनी जिंकला. ज्याने ‘यजमान चांगला संघ आहे’ म्हणून उत्तरार्धावर पैसे लावले, त्याचा संघ जिंकला आणि पैसे बुडाले. कारण 12 गुणांनी पुढे असलेला प्रशिक्षक आपले मुख्य खेळाडू बाकावर बसवतो, घड्याळ संपवीत खेळतो. त्याला सामना जिंकायचा असतो. उत्तरार्ध जिंकण्याशी त्याला काही देणेघेणे नसते. मैदानावरचा एकही माणूस ज्या गोष्टीसाठी खेळत नाही, त्या गोष्टीवर हा करार लिहिलेला असतो. वाचकांनी ही बाब ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

हुशार पोरांना वाटते, आपण अभ्यास करून जिंकू. त्या अभ्यासाचे काय होते तेही पाहू. 2011 साली जोना बर्गर आणि डेव्हिन पोप या दोन संशोधकांनी एन.बी.ए.चे 18 हजारांहून अधिक सामने तपासून असे मांडले की, मध्यंतराला अवघ्या एका गुणाने मागे असलेला संघ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सामना जिंकतो. थोडीशी पिछाडी ईर्षा वाढवते. निष्कर्ष मोठा गाजला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी इतर वर्षांचे आणि इतर स्पर्धांचे सामने तपासले, तेव्हा तो परिणाम तेथे टिकला नाही. विद्यापीठातल्या विद्वानांनी हजारो सामन्यांतून शोधलेला नियम जर असा निसटतो, तर 15 मिनिटांच्या मध्यंतरात मोबाईलवर आकडे चाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार?

हिशोब मांडून पाहा

समजा दोन्ही संघ तंतोतंत तुल्यबळ आहेत. खरा भाव 50 सेंट. पण घ्यायला गेलात तर 51 ला मिळतो, विकायला गेलात तर 49 ला जातो. मधला फरक बाजारात सतत भाव लावून बसलेल्या मोठ्या खेळाडूंचा. त्यावर मंचाचे शुल्क. अमेरिकेतील एका मोठ्या मंचाच्या 2025 मधील सूत्राप्रमाणे भाव निम्म्याच्या आसपास असताना शुल्क सर्वांत जास्त, म्हणजे प्रत्येक करारामागे सुमारे पावणेदोन सेंट पडत होते. म्हणजे 50 सेंटची वस्तू आपल्याला जवळजवळ 53 सेंटला पडली. केवळ बरोबरीत राहायला 100 पैकी 53 वेळा जिंकावे लागेल. मध्येच विकून बाहेर पडलात तर शुल्क पुन्हा भरा.

अमेरिकेतला जुना बुकी काय करतो? 110 डॉलर लावून घेतो आणि जिंकल्यावर 100 देतो. त्याच्याकडे बरोबरीत राहायला 100 पैकी साडेबावन्नच्या आसपास वेळा जिंकावे लागते. म्हणजे ज्याला बाजार म्हणून गौरवले जाते त्याचे गणित बुकीच्या गणिताच्या शेजारीच बसते. फक्त ‘आम्ही तुमच्याविरुद्ध पैज लावीत नाही, समोर दुसरा ग्राहक असतो’ एवढे सांगितले जाते. तो दुसरा ग्राहक कोण, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. एप्रिल 2024 मध्ये सस्क्वेहॅना ही वॉल स्ट्रीटवर नाव असलेली व्यापारी कंपनी कॅल्शी या मंचावर भाव लावण्यासाठी उतरली. अशा कंपन्यांकडे गणिती आहेत, यंत्रे आहेत. घरातल्या पडद्यावर सामना काही सेकंद उशिरा दिसतो. आपण फाऊल पाहतो तोवर भाव हललेला असतो. समोरासमोर खेळणारे दोघे समान आहेत असे म्हणणे ही कागदावरची समता झाली.

शेअर बाजाराशी तुलनाही खोटी आहे. शेअर घेणारा निदान एखाद्या कारखान्याचा, कंपनीचा वाटेकरी होतो. वायदे बाजाराचा मूळ हेतूही समजण्यासारखा आहे. शिकागोचा धान्य वायदे बाजार 1848 साली सुरू झाला. पीक निघेपर्यंत भाव कोसळेल ही धास्ती शेतकऱ्याला असते, ती धास्ती दुसऱ्याने काही मोबदल्यात उचलायची. पण बास्केटबॉलच्या उत्तरार्धात कोणाचे पीक उभे आहे? कोणाची धास्ती कमी होते? एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जातो आणि वाटेत मंच आपला हिस्सा काढून घेतो. एवढाच हा उद्योग आहे.

नाव बदलले की कायदा बदलतो

मग हा सरकारमान्य कसा? अमेरिकेत जुगारावर नियंत्रण पूर्वापार राज्यांचे. 1992 च्या केंद्रीय कायद्याने बहुतेक राज्यांत खेळांवरील सट्ट्याला मनाई केली होती. 14 मे 2018 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि प्रत्येक राज्याने आपापले परवाने, कर, वयोमर्यादा ठरवल्या. न्यूयॉर्क राज्य तर सट्टा कंपन्यांच्या उत्पन्नावर 51 टक्के कर घेते. भाकितांच्या बाजाराने वेगळी वाट काढली. वायदे व्यवहारांवर देखरेख ठेवण्यासाठी 1974 च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय आयोगाकडे कॅल्शीने नोंदणी केली. 2020 साली मान्यता मिळाली. 2024 च्या निवडणुकीवरील करारांबाबत न्यायालयात विजय मिळवल्यानंतर, जानेवारी 2025 पासून खेळांवरील करार आले. राज्याचा परवाना नाही, राज्याचा सट्टा कर नाही. बहुतेक राज्यांत सट्ट्यासाठी वय 21 लागते, येथे 18 पुरते. मार्च 2025 मध्ये नेवाडा आणि न्यू जर्सी या राज्यांनी हे बंद करण्याच्या नोटिसा काढल्या. एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या केंद्रीय न्यायालयाने राज्यालाच तात्पुरते रोखले. ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने मात्र कंपनीची तशीच मागणी फेटाळली. वस्तू एकच. एके ठिकाणी ती वायदा, दुसऱ्या ठिकाणी जुगार!

या भांडणात एक पक्ष असा आहे की ज्याच्याकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तो म्हणजे अमेरिकेचे मूलनिवासी. 1988 च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या जमातींना आपल्या भूमीवर नियंत्रित जुगारगृहे चालवण्याची चौकट दिली. त्या उत्पन्नाचा विनियोग जमातीचे शासन, लोककल्याण आणि आर्थिक विकास अशा कामांसाठीच करावा, असे बंधन घातले. जुगाराच्या पैशातून शाळा चालाव्यात ही स्थिती आदर्श आहे असे आम्ही म्हणणार नाही. जमिनी हिरावल्यावर त्यांच्या हाती जे उरले त्यातून त्यांनी ते उभे केले. आता मोबाईलवरचा करार त्यांच्या भूमीतही शिरतो आणि जमातीला काहीच देत नाही. जुलै 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील तीन जमातींनी आणि ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनच्या हो-चंक जमातीने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. नवा बाजार येतो तेव्हा पहिला घाव कोणावर पडतो, याचे हे उदाहरण आहे.

हा प्रश्न भारतीय संविधानाच्या शिल्पकारांपुढेही आला होता. 2 सप्टेंबर 1949 रोजी संविधान सभेत ‘पैजा आणि जुगार’ ही नोंद राज्यसूचीतून काढूनच टाकावी, अशी मागणी काही सदस्यांनी नैतिक भूमिकेतून केली. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की, नोंद ठेवली म्हणजे जुगाराला मान्यता दिली असे नव्हे. या नोंदीच्या आधारे राज्य जुगाराला परवानगी देऊ शकते तसे बंदीही घालू शकते. नोंद काढली तर राज्याच्या हातातले नियंत्रणच जाईल आणि उर्वरित अधिकार म्हणून विषय केंद्राकडे सरकेल. आज ती राज्यसूचीतील 34 वी नोंद आहे. एखाद्या गोष्टीचे नाव कायद्याच्या यादीतून निसटले की ती गोष्ट नाहीशी होत नाही, ती मोकाट सुटते. बाबासाहेबांनी 1949 साली ओळखलेला हा धोका 2025 साली अमेरिकेतील राज्यांना अनुभवावा लागला.

ज्युनियस केलॉगचे 1000 डॉलर

आता त्या ध्यानात ठेवलेल्या बाबीकडे येऊ. ज्या गोष्टीसाठी कोणी खेळत नाही ती गोष्ट वाकवणे सर्वांत सोपे असते. सामना हरायला खेळाडूचे मन धजत नाही. पण ‘तुझा संघ जिंकू दे, फक्त फरक कमी ठेव’ असे म्हटले की विवेकाला भूल देता येते. अमेरिकेत हे 1951 साली उघड झाले, आणि ते उघड करणारा माणूस कृष्णवर्णीय होता.

ज्युनियस केलॉग हा व्हर्जिनियातील गरीब घरातला तरुण सैन्यात राहून आलेला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजच्या संघातील तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. शिकता शिकता एका थंडाई-मिठाईच्या दुकानात किमान वेतनावर काम करीत असे. जानेवारी 1951 मध्ये डीपॉल विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी त्याच कॉलेजच्या एका माजी खेळाडूने त्याला 1000 डॉलर देऊ केले. गुणांचा फरक सट्टेबाजांना हवा तसा पडला पाहिजे, एवढीच अट. केलॉगने प्रशिक्षकाला सांगितले, पोलिसांना साथ दिली आणि कट उघडा पाडला. पुढच्या तपासात 7 कॉलेजांचे 32 खेळाडू आणि 86 सामने निघाले. त्यांत न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजची मुलेही होती. फी न घेणारे हे कॉलेज, ज्यू आणि कृष्णवर्णीय श्रमिकांच्या मुलांचा संघ. 1950 साली देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकलेला. त्या पोरांची आयुष्ये करपली. केलॉग पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघात गेला, 1954 च्या मोटार अपघातात अपंग झाला, आणि चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून पुन्हा उभा राहिला. 1998 साली तो वारला. किमान वेतनावर राबणाऱ्या माणसाने 1000 डॉलर नाकारले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

पण समाजाने प्रत्येक गरीब मुलाकडून केलॉगच्या उंचीची अपेक्षा करायची आणि मोहाचे दुकान मात्र त्याच्या दारात थाटायचे, हा कुठला न्याय? एप्रिल 2024 मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर एन.बी.ए.ने आजन्म बंदी घातली. स्वतः सट्ट्याच्या कर्जात रुतलेल्या या तरुणाने दोन सामन्यांतून काही मिनिटांतच दुखापतीचे वा आजारपणाचे कारण सांगून माघार घेतली होती, आणि त्याच्या कमी गुणांवर इतरांनी पैसे लावले होते. संघ हरवायची गरजच नव्हती, फक्त एक तुकडा वाकवायचा होता. जानेवारी 2026 मध्ये फिलाडेल्फियात दाखल झालेल्या आरोपपत्रात 26 जणांची नावे आहेत. कॉलेज खेळाडूंना एका सामन्यामागे साधारण 10 ते 30 हजार डॉलर देऊन सामन्याचा, तसेच केवळ पूर्वार्धाचा फरक ठरवला गेला, असा आरोप आहे. ज्यांना लाचेची रक्कम आपल्या रीतसर कमाईपेक्षा मोठी वाटेल असे खेळाडू हेरले जात, असेही सरकारी वकिलांचे म्हणणे आहे. न्यायालय काय ठरवील ते ठरवील. पण गळ कोणासाठी टाकला जातो हे स्पष्ट आहे. ज्यांच्या जाहिराती सर्वत्र झळकतात ते नव्हे, बाकावर बसलेले, घरी पैसे पाठवणारे.

ओपन आणि क्लोज

आमच्या स्नेह्यांना हा मटका वाटला, यात नवल नाही. मुंबईचा आकड्यांचा जुगार सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारावर. तेथून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर लोक पैसे लावीत. 1961 साली ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र राहिले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावे गिरणगावात घरोघर पोचली. पगाराच्या दिवशी चाळीच्या तोंडाशी कोण उभे असे, आणि घरी किती पोचत असे, हे त्या पिढीतील मायमाउल्यांना विचारा. त्या काळी मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 अस्तित्वात होताच. पूर्वार्ध-उत्तरार्धाचा करार हा त्या ओपन-क्लोजचाच सुटाबुटातला वंशज आहे. न्यूयॉर्कहून आलेला सट्टा आपल्या पोरांना पुन्हा न्यूयॉर्कच्या शेजारी गाठतो आहे.

आपल्या देशातही हेच घडत होते. ‘होय’ की ‘नाही’ यावर पैसे लावणारे मत-व्यापाराचे ॲप आले. 29 एप्रिल 2025 रोजी सेबीने जाहीर केले की, हे व्यवहार तिच्या नियंत्रणात येत नाहीत आणि गुंतवणूकदाराला मिळणारे संरक्षण येथे मिळणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही, कारण तो पीडित मानला आहे. ही दृष्टी योग्य आहे असे आमचे मत आहे. पण कायद्याने दार लावले तरी खिडक्या राहतात. आणि अधिकृत बाजारातही काय चालले आहे? सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. सरकारमान्य असणे म्हणजे गरिबाच्या हिताचे असणे नव्हे.

हे सगळे आम्ही त्या स्नेह्यांना सांगितले. वर एवढेच म्हणालो, ‘‘दादा, तुमचा संशय खरा आहे. पण पोराला शिव्या घालू नका. त्याच्याकडून हिशोब मागा. प्रत्येक सौदा, घेताना दिलेला भाव, शुल्क, हाती आलेली रक्कम, सारे वहीवर उतरवायला सांगा.’’ पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलाने हिशोब मांडला होता. निम्म्याहून थोडे अधिक सौदे त्याने जिंकले होते, तरी पैसे घटलेच होते. हे पाहून तो स्वतःच गप्प झाला आणि खाते बंद केले. खोलीभाड्यासाठी आता तो ग्रंथालयात काम धरतो आहे.

आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे की, वस्तीतल्या अभ्यासिकांमधून, विहारांतल्या वर्गांमधून हे साधे गणित एकदा फळ्यावर मांडा. 51 अधिक पावणेदोन किती, आणि बरोबरीला 100 पैकी किती वेळा जिंकावे लागते. दहावीच्या पोराला कळेल असा हा हिशोब आहे. पहिल्या पिढीचा शिकणारा मुलगा परदेशी जातो तेव्हा त्याच्या मागे आईचे दागिने आणि बापाचा फंड गहाण असतो. त्या पैशावर 24 मिनिटांचा भाव लागू देऊ नका.